राऊतकाकांची कोरांटी

आमच्या शेजारचे राऊतकाका रोज सकाळी अंगणातल्या कोरांटीसमोर उभे राहून घोषणा करतात. हात पाठीमागे, आवाज नाकातून. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. कोरांटी अजून लागलेली नाही." काका उमरखेडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन यवतमाळला घर बांधलं, पण माइक काही सुटला नाही.

झुडूप गुडघ्याएवढं. काका ते छाटून पालथ्या टोपलीसारखं गोल ठेवतात. श्रावणात गल्लीभर जास्वंद फुलते, तेव्हा काकांकडे नुसती पानं. एकदा माझी बायको म्हणाली, "काका, हे उपटून मोगरा लावा नं." काकांनी तिला विनातिकीट पकडल्यासारखं पाहिलं.

"लेट हाये सुनबाई. रद्द नाही."

खतासाठी ते आमच्याकडचा चहाचा चोथा न्यायचे. मात्र आधी वास घेऊन. "अद्रकवाला नको. तिले पित्त होते."

यंदा दिवाळी सरली आणि झुडूप कळ्यांनी भरलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून घरोघर निघाले. "रविवारी सकाळी कोरांटी पाह्यले या. चहा आहे." काकू गेल्यापासून त्यांनी कोणाला घरी बोलावल्याचं मला आठवत नव्हतं. कोणी गेलंच, तर फाटकातच विचारायचे, काय काम होतं.

बोलावण्याच्या घाईत फाटक उघडं राहिलं. काका परतले तेव्हा एक बकरी झुडपापाशी निवांत उभी होती. कळी म्हणून शिल्लक नव्हती. काकांनी तिला हाकललंसुद्धा नाही. फाटक धरून म्हणाले, "जा बाई. झालं तुझं."

रविवारी आम्ही गेलो तर दार बंद. बऱ्याच वेळानं काकांनी ते अर्धंच उघडलं. "कायले आले? पाह्यले काही राह्यलं नाही आता."

"मी चिवडा आणला," बायको म्हणाली. "चहा तर ठेवसान ना?"

तिच्या मागून गल्ली आत शिरली. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा माणसं पायऱ्यांवर बसली. बकरी कोणाची यावर वाद झाला. शेवटी ती विनातिकीट चढली म्हणून तिला दंड करावा असं ठरलं. काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. चहात साखर घालायला ते विसरले होते. तरी सगळ्यांनी कप रिकामे केले.

लोक गेल्यावर मी खुर्च्या आत ठेवत होतो. काका मोरीपाशी कपबशा विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "मले वाटलं, फुलं नाही तर कोणी येत नाही."

मी शेवटची खुर्ची भिंतीला लावली.

"पुढच्या रविवारी," काका म्हणाले आणि थांबले. "नाही म्हणजे, तुम्ही कामात असान."

"येतो की काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि धुतलेली बशी पुन्हा धुवायला घेतली.