आरोसकर आणि बापाकडची रेघ

डॉ. आरोसकरांनी पहिल्याच भेटीत माझा गाल मागितला.

तोक्योतल्या कोतो वॉर्डात आमच्या इमारतीखाली मी कचऱ्याची पिशवी ठेवत होतो. हे मागून आले, पिशवीत डोकावले, "बाटल्यांची झाकणं वेगळी टाका," म्हणाले आणि त्याच श्वासात, "मराठी ना? बापाचा बाप कुठला?"

"साताऱ्याकडचे," मी म्हणालो.

"उत्तम. गाल द्या."

आणि खिशातून चक्क कापूस लावलेली काडी काढली!

दोन हजारनंतरची ती वर्षं. सॉफ्टवेअरवाल्यांनी भरलेली विमानं जपानात उतरत होती, मी त्यांतलाच एक. आरोसकर मात्र आमच्या आधीपासूनचे. सावंतवाडीकडचे, पन्नाशीचे, एकटे, एका विद्यापीठात संशोधक. जपानी सहकारी त्यांना 'आरोसुकारु-सान' म्हणत.

त्यांचं काम त्यांनी मला लिफ्टमध्ये समजावलं होतं. बापाकडून मुलाकडे डीएनएचा एक तुकडा जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. त्याला ते 'बापाकडची रेघ' म्हणत. क्वेट्ट्याकडच्या हजारा आणि बलुच या जमातींतल्या पुरुषांच्या रेघा ते तपासत. कुणाची ओळख पटवायची वेळ आली, तर या रेघेवर कितपत विसंबायचं, हा त्यांचा प्रश्न.

"बलुचांत बघा, नाना तऱ्हा. हजारा लोकांत मात्र काही रेघा अशा, की ओळखदेख नसलेल्या कितीतरी माणसांत तीच! मग सांगा कदम, रेघ जुळली म्हणून माणूस जुळला का?"

"नाही," मी म्हणायचो. माझा मजला कधीच मागे पडलेला असे.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन उभे राहिले आणि प्रसादाच्या रांगेतल्या पुरुषांना बाजूला काढू लागले. साठेवहिनी भडकल्या. "आम्ही काय माणसं नाही?"

"वहिनी, तुमच्यात ही रेघच नसते. आईकडचं आपण राहू देऊ."

त्यावर आम्ही महिनाभर हसलो. त्यांची नक्कल मी फार छान करायचो.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला घाईने बोलावलं. योकोहामाहून कादिर नावाचा हजारा माणूस आला होता. जुन्या गाड्या परदेशी पाठवायचा त्याचा धंदा. आरोसकरांचं हिंदी अगाध, म्हणून मी दुभाषा.

कादिरचा धाकटा भाऊ ट्रक घेऊन सरहद्दीपलीकडे गेला, तो परतलाच नव्हता. काही वर्षांनी तिकडे डोंगरात हाडं सापडली. तिथल्या प्रयोगशाळेने ती कादिरच्या नमुन्याशी ताडून पाहिली होती. त्या अहवालाचा कागद घेऊन तो आला होता.

आरोसकर खुलले. पाऊण तास त्यांनी आकृत्या काढल्या. रेघ जुळते, पण ही रेघ अनेकांत आढळते, तेव्हा भाऊ आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. मी हिंदीत सांगत गेलो. शब्द न् शब्द खरा होता.

कादिरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टरसाहब, अम्मा बीमार हैं। रोज़ पूछती हैं। क्या बताऊँ?"

आरोसकरांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा त्याला, निष्कर्ष काढता येत नाही."

मी तेही सांगितलं. कादिर कागदाची घडी करून उठला. चहा त्याने घेतलाच नाही.

चौथ्या दिवशी आरोसकर माझ्या दारात उभे, चेहरा उतरलेला. "अहो कदम, आई आहे ना त्याची! आईचा नमुना घेतला असता तर जवळजवळ नक्की सांगता आलं असतं. मला सुचलंच नाही. मी रेघच समजावत बसलो."

शनिवारी आम्ही योकोहामाला गेलो. गाड्यांच्या आवारात भागीदार भेटला. कादिर क्वेट्ट्याला गेला होता. आरोसकरांनी कापसाच्या काड्यांचं पाकीट आणि नंबर ठेवला. परतताना गाडीत एकदाच बोलले, "त्याला जेवायला तरी थांबवायचं होतं."

दीड महिन्याने फोन आला. त्यांनी मला मदतीला बोलावून घेतलं आणि स्पीकर लावला.

"अम्मा नहीं रहीं, डॉक्टरसाहब," कादिर म्हणाला. "आख़िरी दिन पूछा, तो मैंने कह दिया, वही है। हमने उसे दफ़ना दिया। वह सुकून से गईं।"

आरोसकरांनी वही पुढ्यात ओढली. मग कादिरनेच विचारलं, "मेरा नमूना फिर से भेज दूँ? आप और जाँच लेंगे?"

तपासता आलं असतं; हाडांचा नमुना तिथल्या प्रयोगशाळेत होताच. भावाभावांत बापाच्या रेघेपलीकडेही पुष्कळ सारखं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"नको," ते मराठीतच म्हणाले. मग फोनजवळ वाकून, "नहीं मंगता. तुम बोला वो ठीक बोला."

मला वाटलं, आता फोन ठेवतील. त्यांनी स्पीकर बंद केला, रिसीव्हर कानाला लावला आणि विचारलं, "भाई का नाम क्या था? कैसा था वो?"

पलीकडून कादिर बराच वेळ बोलत राहिला. आरोसकरांपुढे वही होती, पेन होतं. त्यांनी काही लिहिलं नाही. मधूनच "हाँ" म्हणत, मधूनच "फिर?" म्हणत. एकदा हसलेसुद्धा. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला होता.

दुभाष्याची गरज नव्हती. मी हळूच दार ओढून घेतलं.