संयुक्ताबाईंनी कोवलमचा निबंध फत्ते केला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वाचकसाहेबांचे सेवेसी अर्ज ऐसा जे, तमिळ मुलुखी आवडी नामे गावच्या सरकारी वसाहतीत निबंधाचा गड कैसा सर जाहला, ते साद्यंत लिहावे ऐसी मर्जी जाहली. त्यास घडले तैसे लिहितो. पदरचे तिखटमीठ लावीत नाही. लाविलेच तर बेताचे.

संयुक्ताबाई म्हणजे तंजावराकडील मराठी घराणे, कारखान्यातील हेडक्लार्क कृष्णस्वामी यांची कन्या, समाजशास्त्राचे शेवटले वर्ष. त्याच मुलुखातील समुद्रकाठच्या कोवलमच्या मासळीवाल्या बायका टोपल्या घेऊन बसने शहरात कैशा जातात, हा विषय. आठ स्वाऱ्या करून चाळीस पाने टिपणे आणिली. दारूगोळा मुबलक, परंतु पहिले वाक्य म्हणोन जो दिंडी दरवाजा, तो काही केल्या उघडेना. मग बाईंनी टेबल पुसिले, आणि पुसलेले पुन्हा पुसिले, आणि फॉन्ट सात वेळा बदलिला, आणि आभाराचे पान आधी लिहिले, त्यात असामी तेवीस, शेजारची मांजर धरून. मग फोनावर पंचवीस मिनिटांच्या गजराची चौकी बसविली, तो चौकीदारच फितूर निघाला आणि बाईंस रीलच्या मुलुखात घेऊन गेला, ते दीड तासाने परत आले. मार्गदर्शक त्रिपुरसुंदरी मॅडम यांनी दोन वेळा मुदत वाढवून दिली होती. बाईंनी तिसरा अर्ज धाडिला आणि निश्चिंत जाहल्या.

तों आश्विन शुद्ध नवमी, सरस्वतीपूजा आली. त्या मुलुखाचा रिवाज ऐसा जे, पोथ्यापुस्तके देवीपुढे ठेवावी आणि दशमीस सकाळची पूजा होईतों कोणी अक्षर लिहू नये. बाईंस तर हर्ष मावेना. आपल्या हाते लॅपटॉप पुस्तकांवर ठेविला, चंदन लाविले, कुंकू लाविले, वर शेवंतीचे फूल वाहिले, आणि आता देवी जाणे नि निबंध जाणे म्हणोन हात झटकिले. इतक्यात मॅडमचा खलिता फोनावर येऊन थडकला, की उद्या सुट्टी असली तरी पोर्टल उघडे आहे, दुपारी बारापर्यंत निबंध न आल्यास वर्ष गेले समजावे. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले.

मग तीर्थरूपांकडे रदबदली केली. कृष्णस्वामी वाहनपूजेस्तव स्कूटरच्या चाकाखाली लिंबे मांडीत होते. त्यांनी मान वर न करिता फर्मान काढिले, की लॅपटॉप हलणार नाही, फोनावर नाही, कागदावर नाही, वाण्याची यादीसुद्धा नाही. आता काय करावे? बाईंनी मुदपाकखान्यात आत्याबाईंच्या, म्हणजे भवानीबाईंच्या, खांद्यावर डोके ठेविले आणि रडू आले ते आवरेना.

भवानीबाई सुंडलाचे, म्हणजे नैवेद्याच्या उसळीचे, चणे परतीत होत्या. त्या म्हणाल्या, "अय्यो, अण्णा लिहू नको म्हणाला. बोलू नको म्हणाला का? बोल!"

मग बाईंनी सामाजिक आणि आर्थिक चौकट म्हणोन आरंभ केला, तों आत्याबाईंनी झारा उगारिला आणि हुकूम केला, की चौकट राहू दे चुलीत, उभी कोण आहे ते सांग. बाई म्हणाल्या, कनका उभी आहे. कोठे? कोवलमच्या थांब्यावर, पहाटे साडेपाचास, आणि पहिली बस वासाची सबब सांगून घेत नाही. मग? मग दुसऱ्या बसपुढे कनका रिकाम्या हाते उभी राहते, आणि पुढल्या दाराशी सुट्या पैशांवरून कंडक्टराशी ऐसे भांडण मांडिते, की मागल्या दाराने चार टोपल्या चढतात. चणे करपले. सोवळ्यातल्या भवानीबाई मासळीत गुंतून गेल्या होत्या. सायंकाळी नवरात्राच्या रिवाजाने घरी मांडिलेल्या बाहुल्या पाहावयास बायका आल्या, त्यांसही तीच हकीकत ऐकविली, आणि दर खेपेस पाल्हाळ गळाले आणि कोठे कोण श्वास धरिते ते बाईंस कळो लागले. तिसऱ्या खेपेस कृष्णस्वामीच दारात येऊन उभे राहिले आणि पुसते जाहले, की चढल्या का टोपल्या?

दशमीस नवाची पूजा जाहली. बाई लॅपटॉपाकडे झेपावल्या, तों कृष्णस्वामींनी तांदळाचे ताट पुढे केले. म्हणाले, आज लहान लेकरे तांदळात अक्षर गिरवितात, तैसे तूही आधी एक गिरव. घड्याळ नऊ वाजून दहा! बाईंनी दात ओठ खाल्ले आणि बोट टेकिले. 'कनका' लिहिले, आणि बोट थांबेना, 'उभी आहे' लिहिले, आणि ताट संपले. बाईंनी ताट सोडून लॅपटॉप उघडिला. मग टेबल पुसिले नाही, फॉन्ट पाहिला नाही, सुंडल पुढे आले तेही तसेच राहिले, आणि अडले तेथे मोठ्याने म्हणत गेल्या, की आत्या, ऐक. आणि आत्या ऐकत गेल्या.

येणेप्रमाणे शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, गुरुवासरी, अकरा वाजून बावन्न मिनिटांनी निबंध पोर्टलात दाखल जाहला आणि गड फत्ते जाहला. आभाराचे पान शेवटल्या घटकेस फिरविले: बावीस असामी बरतर्फ, एक भवानीबाई कायम. लॅपटॉपावरील चंदन बाईंनी अद्यापि पुसिले नाही. ताटातील तांदूळ दुपारी शिजविला, तो सर्वांनी दोनदा मागून घेतला.