चौदा वाटे, एक नाणं

पाचला पाच मिनिटं कमी असताना स्तेर्योसकाका परातीएवढा केक दोन्ही हातांवर तोलत वर्गात शिरले आणि मेल्पो फळा सोडून त्यांच्या आडवी आली.

"आज? आत्ता?"

"आज नाही तर कधी? फेब्रुवारी संपत आला. व्होलोसमधल्या झाडून सगळ्या मंडळांच्या वासिलोपिता, नव्या वर्षाचे केक, कापून झाले. कोळ्यांची झाली, निवृत्त टपालवाल्यांची झाली, कबुतरवाल्यांचीसुद्धा झाली. आत दडवलेलं नशिबाचं नाणं कुणाच्या वाट्यात लागलं ते पेपरात छापून आलं. आपणच राहिलोय."

स्तेर्योसकाका गल्लीतल्या मंडळाचे सचिव. मंडळाच्या याच खोलीत मेल्पो आठवड्यातून तीनदा फुकट शिकवणी घेई. चपलांच्या दुकानात अकरा वर्षं लोकांच्या पायांत बूट चढवल्यावर दुकान बंद पडलं, आणि वेळ जावा म्हणून धरलेल्या या शिकवणीने तिला पार वेड लावलं. आता अडतिसाव्या वर्षी तिला शिक्षिकाच व्हायचं होतं. प्रशिक्षणाला प्रवेश मिळण्यासाठी एखाद्या अनुभवी शिक्षकाने तिचा तास बघून फॉर्म भरून द्यायचा होता, आणि फॉर्मची मुदत उद्या दुपारी संपत होती.

तो तास बघायला पोलिक्सेनीबाई आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी अपूर्णांक शिकवले होते आणि उरलेलं अर्धं गाव त्यांना नुसतं घाबरत होतं. पेनाचं टोपण काढून, पाठ ताठ ठेवून त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. मुलांना त्यांनी आपली ओळखही करून दिली होती: "पस्तीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन बारा झाली. मी इथे नाहीच असं समजा." तेव्हापासून एकही मूल नीट श्वास घेत नव्हतं.

मेल्पोने तीन आठवडे खपून पुठ्ठ्याची रंगीत वर्तुळं कापली होती. लाल अर्धे, निळे पाव. सगळा तास आरशासमोर उभं राहून पाठ केला होता.

"काका, सहाला कापू ना," ती हळूच म्हणाली.

"सहाला बेकरीवाला परात न्यायला येतोय. आणि हा वास तासभर पोरांच्या नाकाखाली ठेवून तू त्यांना गणित शिकवणार? काहीतरीच बोलतेस!"

तोवर सहाही पोरं केकभोवती जमली होती. मेल्पोने विचार केला, केकही गोलच आहे की! "ठीक आहे," ती उसन्या उत्साहाने म्हणाली, "आजचा तास केकवर. सांगा बरं, सारखे वाटे किती?"

मागच्या बाकावर पेन कुरकुरलं.

हे सांगायला पोरांना गणिताची गरज नव्हती. पहिला वाटा ख्रिस्ताचा, मग मरियमातेचा, मग संत वासिलचा, मग घराचा, म्हणजे इथे मंडळाचा, मग गरिबांचा. हे पाच. पुढे माणसं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, आणि माणसं होती नऊ. एकूण चौदा. मेल्पोचे अर्धे आणि पाव तिथेच निकामी झाले.

"माणसांत सगळ्यात मोठा मी," काका सुरी पुसत म्हणाले. "एकोणसत्तर पूर्ण." मग त्यांनी मागच्या बाकाकडे चोरून बघितलं. पोलिक्सेनीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"बाई," लाम्ब्रोसने विचारलं, "नोकरीला लागलात तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

"तेवीस वर्षांची," बाई बोलून गेल्या.

सहा जोडी ओठ हलले. पस्तीस, बारा, तेवीस.

"सत्तर!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मेल्पोला झालं.

"बेरीज बरोबर आहे," बाई बर्फासारख्या आवाजात म्हणाल्या. "म्हणजे गरिबांनंतर माझा नंबर. चालू द्या."

काकांनी सुरीने केकवर क्रूस काढला आणि कापायला घेतलं. ख्रिस्ताचा वाटा श्रद्धेपोटी मोठा कापला. मरियमातेला मुलापेक्षा कमी कसं देणार, म्हणून तिचाही मोठा. संत वासिलचा, कारण केक त्याच्या नावाचा. मंडळाचा, कारण आपण सचिव. गरिबांचा, कारण लोक बघत होते. आणि गरिबांचा वाटा संपवणाऱ्या कापावर सुरी 'टक्' करून थांबली.

काकांनी दोन्ही बाजू किंचित फाकवल्या. आत चांदीच्या कागदातलं नाणं चमकत होतं. अर्धं गरिबांच्या वाट्यात, अर्धं पोलिक्सेनीबाईंच्या.

"गरिबांचं!" लाम्ब्रोस ओरडला.

"गरिबांचंच," काका म्हणाले, "बाईंना काय करायचंय त्याचं..."

"सुरी हलवू नका!" मागचा बाक करकरला. बाई उठून थेट केकपाशी आल्या होत्या. "सत्तर वर्षं खातेय मी वासिलोपिता. माहेरची, सासरची, शाळेची. एकदासुद्धा मला नाणं लागलेलं नाही. माझ्या नवऱ्याला सहा वेळा लागलं, आणि त्याला गोड आवडायचंसुद्धा नाही! कुणाकडे जास्त आहे ते मोजल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मग एकच कालवा झाला. तीन पोरं गरिबांच्या बाजूने, दोन बाईंच्या, आणि काका सुरी धरून मधोमध. "मुलांनो, जागेवर बसा," मेल्पो म्हणाली. "आता हे लाल वर्तुळ बघा..." कुणीही बघितलं नाही. लाल अर्धवर्तुळ हातात धरून ती उभी राहिली. तास गेला, फॉर्म गेला आणि पुढची नोकरीही गेली, हे तिला लख्ख दिसत होतं. तिला रडू येत होतं.

"ते दोघांचंही नाही."

आवाज इतका बारीक होता की कुणाचा ते आधी कळेचना. आर्गिरो बोलली होती. नऊ वर्षांची, सगळ्यांत धाकटी. ऑक्टोबरपासून शिकवणीला येत होती आणि ऑक्टोबरपासून गणिताच्या तासाला तिने तोंड म्हणून उघडलं नव्हतं. विचारलं की ओठ हलवायची आणि गप्प व्हायची. हिला गणित येणार नाही, म्हणून शाळेत तिच्या नावावर फुली मारून झाली होती.

"कशावरून?" मेल्पोच्या तोंडून सवयीने निघालं.

आर्गिरो लाल झाली. पण तिने पट्टी उचलली. "चौदाचे अर्धे सात. म्हणजे अर्धा केक संपेल तिथे सात वाटे संपायला पाहिजेत. काकांनी पाचातच अर्धा संपवला." पहिल्या कापावर धरलेली पट्टी तिने केकच्या मधोमध लावलेल्या बदामावरून पार पलीकडच्या काठापर्यंत सरळ टेकवली. नाणं पट्टीच्या पुढे होतं, अगदी जेमतेम. "हे अर्ध्याच्या पलीकडे आहे. म्हणजे सारखं कापलं असतं तर आठव्या वाट्यात आलं असतं."

"आठव्यातच कशावरून? नवव्यात का नाही?"

आर्गिरोने डोळे मिटले. खोलीत एवढी शांतता की खालच्या कॅफेतले फासे ऐकू येत होते. मेल्पो थांबली. बाईंनी सांगायला तोंड उघडलं. मेल्पोने त्यांच्याकडे न बघताच हात वर करून त्यांना गप्प केलं. आपण कुणाला गप्प केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"काठावर एक वाटा चार बोटं रुंद होतो," आर्गिरोने डोळे उघडले. "नाणं काठालाच आहे आणि पट्टीपासून दोन बोटांतच संपतंय. नवव्यापर्यंत पोचतच नाही."

चार महिने ही पोर गप्प बसून हे सगळं आत कुठेतरी रचत होती! एवढं मोठं काही आपण आयुष्यात बघितलं नाही, असं मेल्पोला वाटलं, आणि त्या क्षणी फॉर्म तिच्या डोक्यातून पार निघून गेला.

"सहावा बाईंचा," लाम्ब्रोस बोटं मोजत होता, "सातवा काकांचा, आठवा... मेल्पोताईचा!"

"अगं, पण ख्रिस्ताचा वाटा मोठाच असतो!" काका कळवळले.

"मग त्यांच्या नावाने दोन वाटे मोजायचे होते," आर्गिरो म्हणाली. "वाटे तर सारखेच ठरले होते." काकांनी घाईघाईने छातीवर क्रूस काढला.

पोलिक्सेनीबाई पोरांच्या बुटक्या बाकावर बसल्या. त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. "पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "हळू." आर्गिरोने पुन्हा सांगितलं. बाईंनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तोंड किंचित उघडं ठेवून त्या ऐकत होत्या.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही."

मेल्पोने मान खाली घातली.

"ताई काही शिकवत नाही," आर्गिरो म्हणाली. "नुसती 'कशावरून' म्हणते आणि गप्प बसते. खूप वेळ गप्प बसते. मग मलाच काहीतरी करावं लागतं."

मेल्पोने नाणं काढून, पुसून बाईंपुढे धरलं. "तुम्हीच ठेवा, बाई. सत्तर वर्षं..."

बाईंनी नाण्याकडे हात नेला आणि मागे घेतला. "नको," त्या जड मनाने म्हणाल्या. "माझं उत्तर चुकलं होतं."

मग त्यांनी तिथेच, मांडीवर पर्स ठेवून फॉर्म भरला, घडी न घालता मेल्पोच्या हातात दिला आणि आपला वाटा कागदी रुमालात गुंडाळून जिना उतरल्या.

मेल्पोने वाचायला घेतलं. 'उमेदवाराने प्रत्यक्ष किती मिनिटे शिकवले?' या प्रश्नापुढे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शून्य.' खाली 'शेरा' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे पस्तीस वर्षं फळ्यावर घोटलेलं वळणदार अक्षर:

'मुलगी शिकली. मीही शिकले. मी मध्ये बोलायला गेले, तेव्हा उमेदवाराने मला गप्प केले. मुलांपुढे इतका वेळ थांबणे मला नोकरीभर एकदाही जमले नाही. प्रवेश द्या.'