वर असल्याचा दाखला

गाव सोडायला माणसाला फार काही लागत नाही. एक पत्र्याची पेटी, एक तिकीट आणि आपण जमिनीच्या वर असल्याचा दाखला. नियम खाणीच्या गावातला, आणि शहाणपणाचा. मागे एकदा एक कामगार खाणीत अडकला म्हणून अख्खं गाव तीन दिवस खणत होतं आणि तो पठ्ठ्या सासुरवाडीला ताटावर बसलेला सापडला. तेव्हापासून बिल्ला-खिडकीच्या शिक्क्याशिवाय बसवाला कुणाला पायरीवर पाय ठेवू देत नाही.

भिंगरीला बंदराच्या शहरात नकाशे काढायच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. सोमवारी दहाला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याची. शुक्रवारी ती खिडकीशी उभी राहिली. आत बिल्लेकाका आणि त्यांच्यामागे खिळ्यांची भिंत. खाली उतरणारा आपला पितळी बिल्ला घेऊन जातो, वर आला की टांगतो. बिल्ला दिसला, माणूस वर. खिळा रिकामा, माणूस खाली.

"नंबर?"

"मला नंबर नाही, काका. मी कधी खाली गेलेच नाही."

"मग वर आलीस कशी?"

"वरच आहे की! तुमच्यासमोर उभी आहे!"

"पोरी, डोळ्यांना मृगजळही दिसतं. मला बिल्ला दिसला पाहिजे."

बाबा घरी म्हणाले, "त्यात काय एवढं! एक दिवस नोकरी धर, माझ्याबरोबर उतर, वर ये, बिल्ला टांग." बाबा तीस वर्षं खाणीत होते, सरळ रस्ता त्यांना सहसा खालूनच दिसे.

शनिवारी भिंगरी उतरली, काळं नाक घेऊन वर आली आणि बिल्ला टांगला. काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "अभिनंदन. आता तू वर आहेस."

"द्या दाखला."

"पण आता तू कामगार झालीस. आधी राजीनामा."

"लिहूनच आणलाय."

"हुशार आहेस. राजीनामा मंजूर म्हणजे बिल्ला जमा." काकांनी बिल्ला काढला, खणात टाकला, शिक्का उचलला आणि सवयीने भिंतीकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. काका पांढरेफटक पडले. त्यांनी भोंग्याची कळ ओढली.

गाव फावडी घेऊन धावलं. बस थांबवली गेली. सगळ्यात पुढे बाबा. भिंगरी बचाव-प्रमुखाच्या बाहीला लोंबकळली. "अहो, मी इथे आहे!"

"बाजूला हो गं, खाली माणूस अडकलंय!"

आत्या तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडत होती.

"आत्या, माझ्याकडे बघ तरी!"

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच रडतेय ना मी?"

रविवारी दुपारी खालून निरोप आला. वरून दगड सुटायला लागलेत, पण भिंगरीचा बाप मागे फिरायला तयार नाही. म्हणतोय, पोरीला घेतल्याशिवाय येणार नाही.

भिंगरीने पेटी खाली ठेवली. खिडकीतून आत शिरली, खण उघडला आणि बिल्ला स्वतःच्या हाताने खिळ्याला टांगला.

"सापडली!" काका ओरडले. भोंगा थांबला. बाबा धुळीने माखलेले वर आले, तिला घट्ट धरून रडले. बस सुटली.

"आणि माझा राजीनामा?"

"बिल्ला टांगलास म्हणजे मागे घेतलास," काका मायेने म्हणाले. "सोमवारी सकाळची पाळी. दहाला हजर."

बिल्ला अजून तिथेच आहे. रोज उतरतो, रोज चढतो. गावाचा नकाशा मात्र भिंगरीने काढला. खालचा. फार सुबक आहे म्हणतात.

तुम्ही हसताय, हसा. खाणीतली माणसं अडाणीच. उद्या कचेरीच्या दारातल्या यंत्रावर अंगठा ठेवाल, ते तुम्हाला ओळखणार नाही, आणि मागच्या रांगेला तुम्हीच ओशाळून सांगाल, "थांबा हो, मी अजून आलेलो नाही." तेव्हा भिंगरीला आमचा नमस्कार सांगा.