वाटाण्याची शेगडी

नारीनच्या डोंगरातल्या एका शाळेला गेल्या हिवाळ्यात राजधानीतून चारशे किलो गोठवलेल्या भाज्या मंजूर झाल्या. वाटाणा, गाजर आणि घेवडा. सोबत परिपत्रक होते: सामूहिक भोजनासाठी गोठवलेल्या भाज्यांच्या चविष्ट पाककृती विकसित करून अहवाल सादर करावा. त्या दिवशी बाहेर पारा शून्याखाली चौतीस होता. गावात गोठलेल्या वस्तूंची टंचाई आहे, असा आरोप कोणी केला नसता.

शाळेची स्वयंपाकीण बुरुलकान. सगळे गाव तिला एजे, म्हणजे ताई, म्हणे. दोनशे चाळीस पोरांपैकी निम्मी कोसभर बर्फ तुडवत येत. एजेच्या हातचे दुपारचे गरम जेवण, की मग थेट रात्रीचेच. मात्र गवत मेंढीने खावे आणि मेंढी आपण खावी, हा तिथला धर्म. वाटाणा पाहून पोरांनी नाके मुरडली.

एजे हरणारी नव्हती. तिने मोठ्या कढईत मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवली, कांदा लालबुंद केला आणि भाज्या वितळू न देता, मूठमूठ करत, धडधडत्या आचेवर टाकल्या. मीठ अगदी शेवटी. पोरांनी ताटल्या चाटून लख्ख केल्या.

मग तपासनीस सोवेतबेक आले. त्यांनी दोन ताटल्या संपवल्या, तिसरी आग्रहाखातर घेतली आणि थर्मामीटर काढून भाज्यांच्या कोठीत शिरले.

"एजे, भाजी झकास! पण हे काय? कोठीत उणे चौतीस. नियमात उणे अठरा आहे."

"अरे बाळा, जास्तच गार आहे ना? गोठलेलं अजून काय गोठणार?"

"सोळा अंशांची तफावत आहे, एजे. आज सोळा सोडले, तर उद्या साठ सोडा म्हणाल."

"मग काय वाटाण्याला शेकोटी लावू?"

सोवेतबेकांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतले. हेडमास्तर इशेनबाय यांच्या पेन्शनला दोन वर्षे उरली होती. ते म्हणाले, "सूचना विचार करण्यासारखी आहे."

आठवड्यात कोठीत शेगडी बसली. शेगडीला कोळसा कुठला, याची तरतूद नव्हती. पण कोठी ही स्वयंपाकघराचाच भाग असल्यामुळे कोळसा स्वयंपाकघराचाच. एजे चुलीवरची कढई उतरवून कोठीत जाऊन बसली. पारा उणे सतरावर गेला की खिडकी उघडायची, उणे एकोणीसवर आला की कोळसा घालायचा आणि दर तासाला वहीत सही करायची. भाज्यांना जन्मात मिळाली नव्हती अशी ऊब मिळाली. पोरांना पाव आणि गार पाणी मिळाले.

तिसऱ्या दिवशी पहिलीतली एक मुलगी घरी जाताना वाटेत बसली आणि उठेचना. एका मेंढपाळाने तिला खोगिरावर घालून पोचवले. ते ऐकून एजेचे डोके फिरले. दुसऱ्या दिवशी तिने घरच्या शेण्यांचे पोते पाठीवर आणले आणि चूल पेटवली. सोवेतबेक नेमके फेरतपासणीला आलेले.

"एजे, हे अनधिकृत इंधन आहे."

"पोरं उपाशी आहेत, बाळा! तुझ्या पोटात माझ्या तीन ताटल्या आहेत, त्यांना तरी विचार!"

"मला तुमचं पटतं हो. पण फॉर्ममध्ये शेणाला रकानाच नाही."

चूल विझवली गेली. पोरांची रांग उभीच होती. एजेने संतापाने वाटाण्याची पिशवी फोडली आणि प्रत्येकाच्या हातावर दगडासारखे मूठभर वाटाणे ठेवले. भुकेली पोरे ते गोळ्यांसारखे चघळू लागली. हेडमास्तरांनी लगबगीने फोटो काढला.

अहवाल गेला: शिजवण्याचा इंधनखर्च शून्य, जीवनसत्त्वे शाबूत, विद्यार्थ्यांमध्ये उत्साह. महिनाभरात एजेला जिल्ह्याच्या सभागृहात सत्तावीस शाळांच्या स्वयंपाकिणींपुढे उभे करण्यात आले. गळ्यात पदक घातले आणि पाककृती सांगायला फर्मावले. मागच्या दारातून साहेबलोकांसाठी शिजणाऱ्या मटणाचा वास येत होता.

एजेने माइक धरला. "पाककृती कसली? पोरांच्या चुलीतला कोळसा काढला आणि वाटाण्याला दिला. माझी पोरं उपाशी मेली असती. लाज वाटते मला या पदकाची!"

सभागृहात सत्तावीस पेने चालल्याचा आवाज आला. पहिल्या रांगेतल्या बाईने हात वर केला.

"एजे, कोळसा आधी काढायचा, की पोरं जेवायला बसल्यावर?"

टाळ्या झाल्या. ती पाककृती आता छापील आहे आणि सर्व शाळांना लागू आहे; चरबी-कांद्याची मात्र कोणी लिहून घेतली नाही. वाचकांनी खुशाल हसावे. आपल्या गावच्या शाळेत आज पोरांच्या ताटात काय पडले हे ज्यांना ठाऊक असेल, त्यांनी जरा मोठ्याने हसावे, म्हणजे किती जण आहेत ते कळेल.