हिरवी तार

घरातली विजेची कामं मी स्वतः करतो, हे मी कुणी न विचारता सांगत असे. बल्ब बदलणं आणि इस्त्रीची वायर जोडणं, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला निम्मा वायरमन समजत होतो.

त्या आठवड्यात वॉशिंग मशीन लावलं, की मीटरजवळचा सेफ्टी स्विच खट्कन पडायचा आणि सगळं घर बंद. कुठे करंट गळत असेल तर पुरवठा तोडणारा, तो स्विच. बायको म्हणत होती, वायरमनला बोलवा. मी म्हटलं, स्विचच फाजील नाजूक आहे. रविवारी सकाळी मी मशीनचा प्लग उघडला. आत तीन तारा. वीज यायला एक, जायला एक, हे शाळेतलं ज्ञान शाबूत होतं. तिसरी हिरवी तार मी सोडवली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. मशीन सुरू झालं, स्विच पडला नाही! मी ऐटीत चहा मागवला.

चहाबरोबर बातमी आली. बायको म्हणाली, मशीनला हात लावला की मुंग्या येतात. नवीन साबणाने येत असतील, असं मी ठोकून दिलं. गुपचूप मोबाइलवर शोधलं. त्यात लिहिलं होतं, की विजेचा धक्का बसलेला माणूस चिकटून राहतो, थरथरतो, त्याला ओरडता येत नाही. त्याला हात लावू नये, कोरड्या लाकडाने ढकलावं. मशीन बंद करायला मी मोरीकडे धावलो आणि दारातच थिजलो.

आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई उजव्या खांद्याने मशीनला चिकटल्या होत्या. डोळे मिटलेले, हनुवटी लटलट हलतेय, सगळं अंग थरथरतंय.

"आई!"

उत्तर नाही.

मशीनचा प्लग त्यांच्या पाठीमागे होता. मेन स्विच बंद करावा, हे डोक्यातच आलं नाही. आपण यांना मारलं, एवढंच आलं. हिला काय सांगू? मी कपडे वाळत घालायची काठी ओढली आणि सासूबाईंना जोर लावून ढकललं. त्या धुण्याच्या ढिगावर पडल्या. मी अनवाणी, फरशी ओली. माझा पाय सरकला आणि हात थेट मशीनच्या पत्र्यावर पडला.

दंडातून छातीपर्यंत कुणीतरी करवत ओढली. पुढच्या क्षणी खट् झालं आणि सगळं शांत. मी मेलो असणार, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

"जावईबापू," ढिगातून आवाज आला, "खांदा धरलाय म्हणून जरा टेकले होते. मशीनच्या हादऱ्याने बरं वाटतं. त्यासाठी काठी?"

अंघोळीला जायचं म्हणून त्यांनी कानातलं मशीन काढून ठेवलं होतं, हे मागाहून कळलं.

वायरमन आला. त्याने प्लग आणि मशीन दोन्ही उघडून पाहिलं. मोटरची तार आतून झिजून पत्र्याला लागली होती. तिचा करंट हिरवी तार जमिनीत पोचवायची, म्हणून स्विच पडायचा.

"तुम्ही त्याची वाटच बंद केलीत," तो शांतपणे म्हणाला. "मग तो पत्र्यात बसून राहिला, कुणी भेटतंय का बघत. आजींच्या पायात जाड रबरी चपला होत्या. तुम्ही मात्र स्वतःच हिरवी तार झालात. स्विच लगेच पडला, म्हणून आपण बोलतोय."

बायकोने स्वतःच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं. ती एरवी मशीनमधले कपडे अनवाणीच काढते; त्या दिवशी तेवढ्या चपला होत्या, म्हणून मुंग्यांवर भागलं. माझ्याही ते तेव्हाच लक्षात आलं.

तार पुन्हा जोडली, मोटर दुरुस्त झाली. स्विचवरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, खट्कन स्विच पडला पाहिजे, असं वायरमनने बजावलंय. ते काम सासूबाईंनी हौसेने स्वतःकडे घेतलंय. त्या वेळी मी बाहेर जिन्यात उभा असतो. कुणी विचारलंच तर सांगतो, पेपरवाल्याची वाट बघतोय.