सासूबाईंसाठी पाच किलोमीटर

धावायला शिकायचं काय असतं? माणूस चालतो, घाई झाली की धावतो! असं मी तार्जोला ठणकावून सांगितलं. तार्जो माझ्या ऑफिसातला मित्र. दर रविवारी धावतो आणि सोमवारी त्याचं कौतुक ऐकवून डोकं खातो.

"वियोनो, तू आयुष्यात कधी धावलायस का?"

"गरज नव्हती पडली! आता पडलीये."

गरज म्हणजे वेनिंग. तिचा नि माझा होकार कधीच झाला होता. घोडं अडलं होतं तिच्या आईपाशी. सुमिनीकाकूंचं मत साफ होतं. "कोपऱ्यावरून तोफू आणायलासुद्धा मोटरसायकल काढतो, ऐदी मेला! माझ्या मुलीसाठी एकदा अंग हलवून दाखव म्हणावं, मग बघू लग्नाचं!"

रविवारी सकाळी आमच्या सोलो शहराचा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो आणि त्याच्या पार टोकाला काकू भाताची गाडी लावतात. तेव्हा मी छाती काढून जाहीर केलं, "काकू, या रविवारी पाच किलोमीटर धावत येतो, तुमच्या हातचा नारळाचा भात खायला!"

"ये हो, ये," काकू म्हणाल्या. "भात संपायच्या आत ये म्हणजे झालं."

तार्जोने बजावलं, "मांड्यांना आतून पेट्रोलियम जेली चोपड. नाहीतर घामाने घासून अशा काचतील की रडशील."

"मी काय पाव आहे का लोणी लावायला?" मी म्हणालो.

शनिवारी सरावाला गल्लीत जरा धावलो आणि नंतर अंघोळीचं पाणी मांड्यांवर पडलं मात्र, अशी बोंब ठोकली की शेजारची कोंबडी खुराड्यातून बाहेर आली! दोन्ही मांड्या आतून लालभडक. रविवारी उजाडताच मुकाट्याने घरमालकीण कार्ती आजींचं दार ठोठावलं.

"आजी, जेली आहे का हो?"

"आहे की! फडताळातून घे बाटली."

आता, मी जन्माने जावाचाच. आमच्याकडे रिकामा डबा फेकणं म्हणजे पाप! बिस्किटांच्या डब्यात तांदळाच्या कुरडया, आइसक्रीमच्या डब्यात सुकी मासळी, हे मला कळायला हवं होतं की नाही? पण घाई! बाटलीवर जेलीचं चित्र होतं, मी सढळ हाताने चोपडली. वासाचं म्हणाल तर आजींच्या घराला, उशीला, चहालासुद्धा बामाचाच वास, त्यामुळे नाकाने काही कळवलं नाही. उलट गारगार वाटलं. वा, म्हटलं, काय चीज आहे!

सुरुवात झकास झाली. मग घाम फुटला आणि मांड्यांत वणवा पेटला! मी जो सुटलो! तार्जो मागे पडला, तरणीताठी पोरं मागे पडली. एक बाई कौतुकाने ओरडली, "जिद्द बघा जिद्द!" जिद्द कसली डोंबलाची!

काकूंची गाडी जेमतेम एका वळणावर राहिली होती, पण आता धीर संपला. समोर मशीद दिसली, तिथल्या नळाखाली जाऊन बसलो. पाणी लागल्यावर तो बाम आणखी भडकतो, हे मला तिथे समजलं! माझी तडफड बघून तिथल्या चाचांनी लुंगीसारखा एक सारोंग दिला. तो गुंडाळला, कापड कुठे टेकू नये म्हणून पुढून चिमटीत धरला आणि पाय फाकवून गाडीकडे निघालो.

ही चाल जावात शेंबडं पोरही ओळखतं. शाळेच्या सुट्टीत सुंता झालेली मुलं गल्लोगल्ली अशीच हिंडत असतात! फक्त ती मुलं असतात, आणि मी छत्तीस वर्षांचा घोडा!

"या अल्ला! या वयात?" एक गिऱ्हाईक घास गिळायचं विसरलं.

"लग्नासाठी उरकली असेल हो," दुसरं म्हणालं.

आईच्या मदतीला भात वाढणाऱ्या वेनिंगच्या हातातला डाव खाली पडला. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काकू, गैरसमज होतोय! माझी लहानपणीच झालीये!"

"कोणी पाहिलीये?" काकूंनी विचारलं.

"गावाकडे झाली, वोनोगिरीला! आजोबांनी केली. आजोबा वारले."

"मग पुरावा?" एका म्हाताऱ्याने विचारलं. पुरावा होता हो! पण भर रस्त्यात दाखवायचा कसा?

एवढ्यात तार्जो धापा टाकत पोचला. "वियोनो! काय धावलास रे!"

"तू गप!" काकू कडाडल्या. "मित्र तू त्याचा, त्याच्याच बाजूने बोलणार!"

मी जेली, बाम, मांड्या, सगळं घडाघडा सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. संपलं म्हटलं सगळं! पण काकूंनी केळीचं पान घेतलं, त्यावर भात वाढला, कोंबडीची सगळ्यात मोठी तंगडी ठेवली, वर अंडं ठेवलं आणि पान माझ्या हातात दिलं.

"माझ्या पोरीसाठी इतकं सोसलंस!" काकू म्हणाल्या. "मी तर नुसतं अंग हलवायला सांगितलं होतं रे! बरा झालास की तारीख काढू."

मलाही भरून आलं. पण पाच किलोमीटरचं श्रेय सोडवेना.

"काकू, शप्पथ, मी खरंच धावत आलो!"

काकू गिऱ्हाइकांकडे वळून हसल्या. "लाजतोय बिचारा. सुंतेवर माझा एक वेळ विश्वास बसेल. पण हा, आणि धावला? छे!"

वेनिंग माझ्या कानाशी आली. "गप्प बस आणि जेव."

गप्प झालो. बसणं काही शक्य नव्हतं, उभ्यानेच जेवलो.